जोडावे नेटके : क्लिक केमिस्ट्री, जैव-जोडणी आणि तारापूरचे रिअ‍ॅक्टर

दोन रेणू एकमेकांना जोडणे हे सेंद्रिय रसायनशास्त्राचे रोजचे काम आहे. ते सरळपणे पार पडले असे मात्र क्वचितच घडते. जोडायचे असतात अ आणि ब. हाती येतो अ-ब, आणि त्याच्या सोबतीने न जुळलेला अ, भलत्याच टोकाला जुळलेला ब, मीठ, आम्ल आणि भांड्याच्या तळाशी बसलेला काळा चिकटा. पालघर जिल्ह्यात बोईसरला लागून तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तिथे औषधांचा कच्चा माल, रंग आणि त्यांची इंटरमीजिएट्स बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात याचा रोज प्रत्यय येतो. रिअ‍ॅक्टरमधली अभिक्रिया काही तासांत आटोपते. वेळ, वीज आणि पाणी खाते ते नंतरचे वर्कअप : बॅच क्वेंच करायची, थर वेगळे करायचे, धुवायचे, सॉल्व्हंट उडवायचा, थंड करून स्फटिक पाडायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये पिळून काढायचे. स्फटिक निघाल्यावर मागे राहतो तो ‘एमएल’, म्हणजे मदर लिकर. त्यातून परत मिळेल तेवढा सॉल्व्हंट काढून घेतला की उरलेले ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, वाटेला लागते. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये या उरलेल्याचे मोजमाप मांडले. एक किलो मालामागे जितके किलो टाकाऊ निघते, तो त्या प्रक्रियेचा ई-फॅक्टर. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हा आकडा एकाच्याही खाली असतो. औषधनिर्मितीत तो २५ ते १०० आणि कधी त्याच्याही वर जातो. रेणू जितका गुंतागुंतीचा आणि टप्पे जितके जास्त, तितका ढीग मोठा.

जिवंत पेशीतल्या रेणूंची जोडणी करायची तर अडचण आणखी वेगळ्या जातीची आहे. प्रथिन, आरएनए किंवा पेशीच्या पृष्ठभागावरची शर्करासाखळी यांना दुसरा एखादा रेणू कायमचा जोडणे म्हणजे बायोकॉन्जुगेशन, जैव-जोडणी. जोडायचा रेणू चमकणारा रंग असेल, औषध असेल, किरणोत्सारी अणू असेल किंवा दुसरे प्रथिन असेल. इथे तापमान ३७ अंशांच्या फारसे पुढे नेता येत नाही, आम्ल-अल्क ओतता येत नाही, टोल्युइन आणि डीएमएफ तर दूरच. सॉल्व्हंट एकच, पाणी. आणि त्या पाण्यात हजारो प्रकारचे रेणू, प्रत्येकावर अमाइन, हायड्रॉक्सिल, थायॉल, कार्बोक्सिल असे गट मोकळे. जोडायला नेलेला रेणू यांपैकी कोणालाही चिकटू शकतो. हवा असतो त्यांतला एकच, आणि तोही पेशी जिवंत ठेवून.

कारखान्याची आणि पेशीची अशा या दोन अडचणी वरवर पाहता एकमेकींपासून फार लांबच्या आहेत. त्यांचे उत्तर एकाच विचारातून निघाले, ही रसायनशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल.

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतले बॅरी शार्पलेस यांनी हार्टमुथ कोल्ब आणि एम. जी. फिन यांच्यासह २००१ मध्ये ‘अँगेवांटे केमी’ या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. त्याच वर्षी शार्पलेस यांना त्यांच्या आधीच्या कामासाठी, असममित ऑक्सिडीकरणासाठी, नोबेल पारितोषिक मिळाले. लेखातले म्हणणे वेगळ्याच विषयाचे होते. निसर्ग जे मोठे रेणू बांधतो, म्हणजे प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले, पॉलिसॅकराइड्स, ते लहान तुकडे कार्बन-नायट्रोजन किंवा कार्बन-ऑक्सिजन अशा बंधांनी जोडून बांधतो. रसायनज्ञ मात्र कार्बन-कार्बन बंधांच्या मागे लागून वीस-वीस टप्प्यांचे संश्लेषण करतात आणि शेवटी चिमूटभर पदार्थ हाती घेतात. त्यापेक्षा मोजक्याच, पण हमखास चालणाऱ्या अभिक्रिया निवडाव्यात आणि सारे बांधकाम त्यांच्यावर करावे. अशा अभिक्रियांसाठी त्यांनी कसोट्या घातल्या : उतारा जवळजवळ पूर्ण हवा, उपपदार्थ नसावेत किंवा निरुपद्रवी असावेत, शुद्धीकरणाला कॉलम लागू नये, हवा-पाण्याची भीती नसावी, सॉल्व्हंट शक्यतो पाणीच असावे, कच्चा माल सहज मिळावा. दोन्ही अर्धुके समोरासमोर आली की टिचबटणासारखी बसली पाहिजेत, आणि इतर कशालाही अडकता कामा नयेत. या पद्धतीला त्यांनी क्लिक केमिस्ट्री म्हटले.

कसोट्या आधी आल्या, त्यांना पूर्ण उतरणारी अभिक्रिया वर्षभराने. तिची मुळे मात्र जुनी आहेत. अमेरिकन रसायनज्ञ आर्थर मायकेल यांनी १८९३ मध्येच एक अझाइड आणि एक अल्काइन एकत्र तापवून त्यांपासून पाच अणूंचे ट्रायझोल वलय मिळवले होते. अझाइड म्हणजे ओळीने बांधलेले तीन नायट्रोजन, अल्काइन म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेले दोन कार्बन. म्युनिकच्या रॉल्फ हुइसगेन यांनी १९६० च्या दशकात या प्रकारच्या चक्रीय जोडण्यांचा सखोल अभ्यास करून त्यामागचे नियम बसवले. दोन्ही रेणूंतला एकही अणू वाया जात नाही, हे या अभिक्रियेचे मोठेपण. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या ‘अणू-काटकसरी’च्या हिशेबात तिला शंभरपैकी शंभर गुण मिळतात. पण ती तासन्‌तास तापवावी लागे, आणि ट्रायझोल दोन रूपांत मिसळून येई. ती दोन रूपे वेगळी करता करता काटकसर संपून जाई.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मॉर्टन मेल्डाल पेप्टाइड्सच्या संश्लेषणात गुंतले होते. एका प्रयोगात अल्काइनची गाठ अ‍ॅसिल हॅलाइडशी पडावी अशी योजना होती. त्या अ‍ॅसिल हॅलाइडच्या दुसऱ्या टोकाला अझाइड होते आणि भांड्यात तांब्याचे आयन होते. अल्काइनने अ‍ॅसिल हॅलाइडकडे पाहिलेच नाही. ते अझाइडला जाऊन मिळाले आणि ट्रायझोल तयार झाले, तेही एकाच रूपात. मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी २००२ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे निष्कर्ष छापले. एकसंयुजी तांब्यामुळे अभिक्रियेचा वेग सुमारे एक कोटीपट वाढतो आणि खोलीच्या तापमानाला काम होते.

शार्पलेस यांच्या गटाची कृती इतकी साधी आहे की ती कोणत्याही पदव्युत्तर प्रयोगशाळेत करून पाहता येते. पाणी आणि टर्शरी ब्युटेनॉल निम्मे-निम्मे घ्यायचे. त्यात अझाइड आणि अल्काइन घालायचे, मग थोडेसे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. द्रावण फिकट निळे होते. नंतर सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचे सोडियम लवण. ते तांब्याला द्विसंयुजी अवस्थेतून एकसंयुजी अवस्थेत आणते. निळा रंग जाऊन पिवळसर छटा येते. चुंबकी ढवळणी चालू ठेवून रात्रभर सोडून द्यायचे. सकाळी बहुतेक वेळा भांड्यात पांढरा साका बसलेला असतो. गाळायचा, थंड पाण्याने धुवायचा, वाळवायचा. वर्कअप संपले. ज्याने आयुष्यभर सेपरेटिंग फनेल हलवले आहे, त्यालाच या तीन क्रियापदांचे मोल कळेल.

जैव-जोडणीच्या बाजूने येणारी वाट वेगळ्या प्रयोगशाळेतून सुरू झाली. कॅरोलिन बर्टोझी या १९९० च्या दशकात बर्कलीत ग्लायकनवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर उभ्या असलेल्या शर्करासाखळ्यांवर, काम करत होत्या. जीन आणि प्रथिने पाहण्याची साधने तोवर भरपूर होती, ग्लायकन पाहण्याची जवळजवळ नव्हती. त्यांनी पेशीला तिच्या नेहमीच्या शर्करेसारखीच, पण एक छोटा रासायनिक गट चिकटवलेली शर्करा खाऊ घातली. पेशीच्या यंत्रणेला हा फरक कळत नाही. ती ही शर्करा सायलिक आम्लात बदलून पृष्ठभागावर नेऊन बसवते. पुढे त्या गटाला रंग जोडला की ग्लायकन सूक्ष्मदर्शकाखाली उजळते. चिकटवलेला गट असा हवा, की पेशीतले काहीही त्याच्या वाटेला जाणार नाही. अझाइड तसे आहे : आकाराने लहान, पाण्यात टिकाऊ, आणि मानवी पेशीत अजिबात नसलेले. २००० साली त्यांनी हर्मन श्टाउडिंगर यांच्या १९१९ च्या अभिक्रियेत बदल करून फॉस्फिनच्या साहाय्याने अझाइडला रंग जोडला. जीवनक्रियेच्या आड न येणाऱ्या अशा अभिक्रियांना पुढे बायोऑर्थोगोनल हे नाव त्यांनीच दिले.

श्टाउडिंगर जोडणी संथ होती आणि फॉस्फिन हवेत खराब होई. तांब्याची क्लिक अभिक्रिया वेगवान खरी, पण तांबे जिवंत पेशीला विषारी. बर्टोझी यांनी १९६१ मधल्या एका निरीक्षणाकडे लक्ष दिले. गेओर्ग विटिग आणि आडोल्फ क्रेब्स यांना आढळले होते, की आठ कार्बनच्या वलयात अल्काइन कोंबले तर ते अझाइडशी स्फोटासारख्या वेगाने जुळते. अल्काइनला सरळ रेषेत राहायचे असते. लहान वलयात त्याला वाकावे लागते आणि तो ताण बंध जुळताना मोकळा होतो. उत्प्रेरकाचे काम रेणूतला ताणच करतो, तांबे लागत नाही. २००४ मध्ये जिवंत पेशींवर ही तांबेमुक्त जोडणी यशस्वी झाली. पुढच्या काही वर्षांत फ्लोरीन जोडून तिचा वेग वाढवला गेला, आणि २००८ मध्ये वाढत्या झेब्राफिश भ्रूणातले ग्लायकन रंगीत दिसू लागले. त्याच वर्षी टेट्राझिन आणि ट्रान्स-सायक्लोऑक्टिन यांची त्याहून कितीतरी वेगवान जोडी पुढे आली. २०२० पासून या जोडीचा उपयोग करून, कर्करोगाचे झाकलेले औषध गाठीपाशीच उघडण्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बर्टोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना विभागून मिळाले. शार्पलेस यांचे ते दुसरे. रसायनशास्त्रात दोनदा नोबेल मिळवणारे त्यांच्याआधी एकटे फ्रेडरिक सँगर होते.

महाराष्ट्रात या शास्त्रावर झालेले काम मराठी वाचकापर्यंत फारसे पोचलेले नाही. ते अनुकरणाच्या पातळीवरचे नाही, म्हणून जरा तपशिलाने पाहायला हवे.

पवईच्या आयआयटीतले सुवर्ण कुलकर्णी हे शर्करांचे रसायनज्ञ आहेत. रोगकारक जिवाणूंच्या पृष्ठभागावर काही शर्करा अशा असतात, ज्या माणसाच्या पेशीत आढळतच नाहीत : बॅसिलोसामाइन, एन-अ‍ॅसिटिलफ्युकोसामाइन आणि त्यांचे जातभाई. डिऑक्सी-अमिनो प्रकारच्या या शर्करा रोगकारकतेशी निगडित असतात. फक्त जंतूत असणारी आणि माणसात नसणारी वस्तू म्हणजे औषधासाठी उत्तम लक्ष्य. पण या शर्करा जिवाणूंतून वेगळ्या काढायच्या तर हाती काहीच लागत नाही, आणि प्रयोगशाळेत बनवायच्या तर नेहमीच्या पद्धतीने टप्प्यांची लांबलचक माळ लागते. कुलकर्णी यांच्या गटाने मॅनोज या सहज मिळणाऱ्या शर्करेपासून सुरुवात केली. तिच्या दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर ट्रायफ्लेट हा सहज निघून जाणारा गट बसवला. मग एकाच भांड्यात, क्रमाने, आधी दुसऱ्या कार्बनवरचा आणि नंतर चौथ्यावरचा गट हवा तसा बदलला. एका जागी अझाइड घातले, दुसऱ्या जागी अझाइड किंवा थॅलिमाइड किंवा नायट्राइट. कोणता गट आधी निघेल हे नेमके हातात असल्यामुळे एकाच सुरुवातीपासून अनेक दुर्मीळ शर्करा मिळाल्या. ही सविस्तर कृती २०१३ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये प्रसिद्ध झाली, जगातली कोणतीही प्रयोगशाळा ती वाचून तसेच करू शकते.

पुढची पायरी क्लिकची. अमेरिकेतल्या बोडन कॉलेजमधल्या डॅनिएल डुबे या बर्टोझी यांच्या विद्यार्थिनी. जिवाणूंना अझाइड लावलेली शर्करा खाऊ घालून त्यांचे ग्लायकन उजळवता येतात का, हा त्यांचा प्रश्न. माणसाच्या पेशीत चालणारी अझाइड-शर्करा बऱ्याच जिवाणूंनी स्वीकारलीच नाही. त्यांना त्यांच्या स्वतःच्या दुर्मीळ शर्करांची अझाइड रूपे हवी होती. ती पवईत तयार झाली. दोन्ही गटांच्या २०१६ च्या संयुक्त शोधनिबंधाने दाखवले, की ही रूपे वेगवेगळे जिवाणू वेगवेगळ्या प्रमाणात आपल्या ग्लायकनमध्ये बसवतात, म्हणजे जंतू-जंतूंतला फरक रासायनिक खुणेने ओळखता येतो. २०२० मध्ये त्याच सहकार्यातून याच शर्करांची अशी रूपे पुढे आली, जी जंतूची ग्लायकन-बांधणीच अडवतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत असताना हा नवा रस्ता आहे. औषध व्हायला तो अजून लांब आहे, हेही खरे. कुलकर्णी यांच्या गटाचे क्षयजंतूच्या आवरणातल्या ट्रेहॅलोज-स्निग्धांच्या संश्लेषणावरचे काम याच धाग्यातले.

पुण्याच्या आयसरमध्ये एस. जी. श्रीवत्सन यांच्या गटाने आरएनए निवडला. आरएनएवर रंग थेट बसवणे कठीण, कारण तो बनवणारे एन्झाइम मोठा रंगीत रेणू स्वीकारत नाही. त्यांनी युरिडिनवर फक्त एक छोटे अझाइड बसवले. एन्झाइमने ते विनातक्रार आरएनएत गुंफले, आणि नंतर क्लिक किंवा श्टाउडिंगर अभिक्रियेने हवा तो रंग जोडता आला. आयसरमधल्याच संजीव गलांडे यांच्या गटाबरोबर २०१६ मध्ये त्यांनी हे पेशीच्या आत करून दाखवले. पेशीत नुकताच तयार झालेला आरएनए सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना दिसला. २०२० मध्ये जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्रातल्या मार्गदर्शक आरएनएच्या शेपटाला अझाइड जोडून, गुणसूत्रावरच्या नेमक्या जागी क्लिकची खूण नेऊन ठेवण्यापर्यंत हे काम पोचले.

आता जैव-जोडणीच्या जुन्या आणि विस्ताराने सर्वांत मोठ्या उपयोगाकडे वळायला हवे. हा उपयोग पालघरच्या प्रत्येक अंगणवाडीपर्यंत पोचला आहे. न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मेनिंगोकॉकस यांसारख्या जंतूंभोवती पॉलिसॅकराइडचे वेष्टण असते. तेच टोचले तर मोठ्यांत प्रतिकारशक्ती तयार होते, दोन वर्षांखालच्या बाळांत होत नाही, कारण टी-पेशी शर्करेला ओळखत नाहीत. एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ मध्ये दाखवले, की शर्करा प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली की प्रतिसाद बदलतो. कॉन्जुगेट लसी याच पायावर उभ्या आहेत. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर आशाताई बाळाला लसीकरणाला घेऊन येते तेव्हा दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस आणि २०२१ पासून देशभर लागू झालेली न्यूमोकोकल लस, या दोन्हींत जैव-जोडणी आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या क्षेत्रात केलेले काम आणखी ठळक आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या आफ्रिकी पट्ट्यात मेनिंगोकॉकस ‘ए’मुळे मेंदूज्वराच्या मोठ्या साथी येत. तिथल्या देशांनी एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी दराची लस मागितली होती. पाथ ही आरोग्य क्षेत्रातली संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पाने अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, एफडीएच्या, प्रयोगशाळेतली एक जोडणीची पद्धत सीरमकडे आणली. शर्करासाखळीला सोडियम परआयोडेटने कापून तिच्यावर आल्डिहाइड गट उघडायचे. टिटॅनस टॉक्सॉइडवर हायड्राझाइड गट बसवायचे. दोन्ही एकत्र आणायचे. हायड्राझाइड आल्डिहाइडला पाण्यात, सौम्य परिस्थितीत, तत्परतेने मिळते, म्हणून जुन्या पद्धतीपेक्षा उतारा कितीतरी चांगला आला आणि महागड्या शर्करेची नासाडी घटली. मेनआफ्रिव्हॅक ही लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली. त्या पट्ट्यात ‘ए’ प्रकाराचा मेंदूज्वर २०१७ नंतर आढळलेला नाही. त्याच संस्थेची पाच प्रकारांवरची मेनफाइव्ह लस २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेस उतरली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली. ही जोडणी शार्पलेस यांच्या यादीतली नसेल, तरी विचार तोच. लसीचा दर शेवटी जोडणीच्या उताऱ्यावर ठरला, आणि त्या दरावर असंख्य मुले वाचली.

प्रतिपिंडाला औषध जोडून थेट कर्कपेशीत पोचवणारी औषधे ही जैव-जोडणीची दुसरी मोठी शाखा. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाले. २०२१ मध्ये झायडसने त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. यात औषध प्रतिपिंडावरच्या लायसिनला जोडले जाते आणि लायसिन तर डझनावारी असतात, म्हणून एका प्रतिपिंडावर सरासरी साडेतीन औषधरेणू बसतात, पण कुठे ते निश्चित नसते. नेमक्या जागी नेमके दोन किंवा चार बसवायचे, तर क्लिकचा मार्ग सर्वांत आश्वासक आहे.

आता तारापूर. क्लिकचा एक अर्धा भाग, अझाइड, भारतीय औषध उद्योगाच्या जुन्या ओळखीचा आहे. लोसार्टन, वल्सार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांतले टेट्राझोल वलय नायट्राइल आणि अझाइड जोडूनच तयार होते. टॅझोबॅक्टममधले ट्रायझोल, अपस्मारावरच्या रुफिनामाइडमधले ट्रायझोल, हीसुद्धा अझाइडचीच देणगी. अझाइड हाताळणारा कारखाना मात्र वेगळी शिस्त मागतो. सोडियम अझाइडचा आम्लाशी संबंध आला तर हायड्राझोइक आम्ल निघते. ते विषारी आणि स्फोटक. डायक्लोरोमिथेनशी गाठ पडली तर डायअझिडोमिथेन तयार होते, तेही स्फोटक. तांबे, शिसे, पितळेचा एखादा व्हॉल्व्ह किंवा जुनी ड्रेनलाइन यांत साचून तयार होणारी धातूंची अझाइड्स नुसत्या घर्षणाने उडू शकतात. म्हणून सोडियम अझाइड प्लास्टिकच्या चमच्याने मोजतात, ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरमध्ये चार्ज करतात, मदर लिकर अल्कधर्मी ठेवतात आणि अझाइड संपल्याची चाचणी आल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत. सेंद्रिय अझाइडच्या बाबतीत एक साधा नियम पाळला जातो : रेणूतल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंची बेरीज नायट्रोजनच्या किमान तिप्पट असावी, नाहीतर तो पदार्थ वेगळा काढूच नये. तारापूरने जानेवारी २०२० मध्ये स्फोटात कामगार गमावले आहेत. त्याचे कारण अझाइड नव्हते, पण धोकादायक नायट्रोजन-संयुगांशी खेळताना शिथिलता चालत नाही, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

शार्पलेस यांनी झॅकरी डेम्को यांच्याबरोबर २००१ मध्ये टेट्राझोलची एक क्लिक कृती दिली : नायट्राइल, सोडियम अझाइड, जस्ताचे लवण आणि पाणी. तोवर कारखाने विषारी ट्रायब्युटिलटिन अझाइड वापरत. पुढे वल्सार्टनसाठी एका चिनी कारखान्याने जस्ताचे क्लोराइड घेतले, पण सॉल्व्हंट म्हणून पाण्याऐवजी डीएमएफ वापरला. सार्टनमधला नायट्राइल गट शेजारच्या वलयाच्या आडोशाला असतो, त्यामुळे पाण्यात त्याला बरेच जास्त तापमान लागते; डीएमएफमध्ये उतारा चांगला येतो. उरलेले अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट आणि आम्ल घातले. डीएमएफमधून सुटलेल्या डायमिथिलअमाइनची त्या नायट्राइटशी गाठ पडली आणि एनडीएमए हा नायट्रोसामाइन वर्गातला कर्ककारक पदार्थ गोळीत उतरला. जुलै २०१८ मध्ये जगभरातून वल्सार्टन परत मागवावे लागले, आणि त्यानंतर प्रत्येक औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी, विभागात नायट्रोसामाइनची तपासणी आली. क्लिकचा उत्प्रेरक तेवढा उचलला आणि क्लिकच्या बाकी अटी, सौम्य सॉल्व्हंट आणि निरुपद्रवी अवशेष, सोडून दिल्या, तर काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

तारापूरच्या बाबतीत अवशेषाचा प्रश्न किनाऱ्यावरच्या घराघरात पोचलेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरचा औद्योगिक पट्टा ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरला. वसाहतीतले सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून, सीईटीपीतून, नवापूरच्या समुद्राकडे जाते. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली आणि लवादाने नुकसानभरपाईपर्यंत प्रकरण नेले. सीईटीपीची क्षमता वाढवणे आवश्यकच होते. पण जो अवशेष रिअ‍ॅक्टरमध्ये तयारच झाला नाही, त्याच्यावर प्रक्रिया करावी लागत नाही.

क्लिक केमिस्ट्री हा यावरचा सरसकट इलाज नव्हे, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. प्रत्येक औषधात ट्रायझोल बसवता येत नाही. तांब्याचा उत्प्रेरक वापरला तर ते तांबे मालातूनही काढावे लागते आणि सांडपाण्यातूनही, कारण माशांना ते घातक. अझाइडचा धोका वर आलाच आहे. सायक्लोऑक्टाइनसारखे अभिकर्मक कॅटलॉगमधून मिलिग्रॅमच्या भावाने विकले जातात. टनाच्या मालात त्यांना जागा नाही. तारापूरला घेता येण्यासारखे आहे ते दोन पातळ्यांवर. पहिली पातळी मालाची : प्रतिपिंड-औषध आणि कॉन्जुगेट लसींना लागणारे लिंकर, अझाइड आणि अल्काइन लावलेले तुकडे, दुर्मीळ शर्करा ही किलोभरात विकली जाणारी, मोलाची रसायने आहेत. ती बनवण्याचे ज्ञान पवईला आणि पुण्याला आहे, बनवण्याचे हात बोईसरला आहेत. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकलेल्या मुलांना यातून क्यूसीच्या रोजच्या टायट्रेशनपलीकडचे काम मिळू शकते. दुसरी पातळी निवडीची, आणि तिला कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही. आज नव्या प्रक्रियेची फाइल प्लांटवर येते तेव्हा पहिल्या पानावर यील्ड आणि किलोचा खर्च असतो. त्या दोन आकड्यांच्या शेजारी तिसरा रकाना असावा : एक किलो मालामागे एमएल, धुण्याचे पाणी, मीठ आणि वाया गेलेला सॉल्व्हंट मिळून किती किलो. तारापूरच्या आर अँड डी विभागांनी हा रकाना बॅच रेकॉर्डमध्ये स्वतःहून घालावा आणि दोन मार्गांतून एक निवडताना तो इतर दोन आकड्यांच्या बरोबरीने वाचावा.